आक्काच्या शेगडीचा भुसा

मांडीवर पत्र्याची शेगडी घेऊन सांगलीहून गोव्याला निघालेली बाई त्या कंडक्टरने आधी पाहिली नसावी. "वर टपावर टाका की, बाई," असं तो आंबोलीच्या घाटापर्यंत तीनदा म्हणाला. मी टाकली नाही. माझ्या हट्टीपणाबद्दल शाळेत चोवीस वर्षं मुलांनी आणि दोन मुख्याध्यापकांनी मला नावं ठेवली, तेव्हा एका कंडक्टरचं काय घेऊन बसायचं? शेगडीला खालच्या बाजूला मुठीएवढं भोक असतं. ते दबून चेपलं, की शेगडी कामातून गेली.

गोव्याचं वेगळं राज्य झालं त्या वर्षातली ही गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, चाळीस वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यात कोरगावला दिली. तिचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा वसंत वास्कोला बंदरात कारकून, त्याची बायकामुलं तिथेच. आक्का गावात एकटी. दसऱ्यानंतर वसंतचं पत्र आलं. म्हापशाच्या डॉक्टरांनी आईला सांगितलंय की छातीला धूर चालणार नाही. चूल बंद झाली पाहिजे. गॅससाठी नाव नोंदवलंय, पण कोरगावात सिलिंडर कधी पोचेल देव जाणे, आणि स्टोव्हच्या वासानं तिला जास्तच खोकला येतो. तेव्हा पुढच्या रविवारी मी येऊन तिला कायमची वास्कोला नेतो. त्याच पाकिटात आक्काच्या अक्षरात एक चिठोरं होतं. "सुमे, जमलं तर त्याआधी ये."

आक्कानं जन्मात कधी कुणाला 'ये' म्हणून लिहिलेलं नव्हतं. मी त्याच रात्री शेगडी घासायला घेतली.

ज्यांनी भुशाची शेगडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पत्र्याचा डबा घ्यायचा. त्याच्या बरोबर मध्ये एक बाटली उभी करायची आणि खालच्या भोकातून एक दांडका सरकवून बाटलीला टेकवायचा. मग भोवती लाकडाचा भुसा मुठीनं ठासून ठासून भरायचा. भरून झालं की बाटली हलकेच फिरवत वर काढायची, दांडका ओढायचा. मध्ये सरळ पोकळी राहते. खालून पेटता बोळा लावला की पहिली काही मिनिटं धूर येतो, म्हणून ती दारात पेटवायची आणि मग आत न्यायची. पुढे चार तास ती गुमान जळत राहते, चिमटीएवढाही धूर नाही. माझा सगळा संसार तिच्यावर झाला. आक्काचा का होणार नाही, असा माझा साधा हिशेब.

कोरगाव

आक्काचं घर कुळागरात आहे. माड, पोफळी, केळी, आणि त्यांच्या पोटात घर. बाहेर डोळे दिपवणारं ऊन असलं तरी तिच्या अंगणात हिरवी सावली. मला पाहून ती पडवीतून उठली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि हसायच्या आधी खोकली. किती वाळली होती. मग म्हणाली, "पाय धू. पेज थंड होतली."

उकड्या तांदळाची पेज, खारातली कैरीची फोड, वर चवीला भाजलेला सुका बांगडा. आमच्याकडे सकाळी अकराला कुणी भाताची पेज दिली तर आपण आजारी आहोत की काय असं वाटेल. इथे पेज हेच खाणं. शेतावरचा गडी, मास्तर, भटजी, सगळे अकराला पेज पितात. आक्का माझ्यासारखीच भाकरीवर वाढलेली, पण आता तिला पेजेशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. तिची भाषाही तशीच झाली आहे. देवाची आरती आणि पत्रं मराठीत, शेजारणीशी कोंकणी, माझ्याशी दोन्हींची मिसळ. त्या दिवसांत गावोगावच्या भिंतींवर कोंकणी राजभाषेच्या बाजूनं आणि विरुद्ध रंगवलेल्या घोषणा अजून पुसल्या नव्हत्या. मी तिला विचारलं, "तू कुठल्या बाजूची?" ती म्हणाली, "मी चुलीच्या बाजूची. दोघांकय जेवक लागता."

त्याच संध्याकाळी मी शेगडी लावून दाखवली. बाटली हवी होती. माझी वाटेत फुटली होती. आक्कानं शेजारच्या घरातून एक हिरवी, निमुळती, बऱ्यापैकी जाड बाटली मागून आणली. कशाची ते वासावरून कळलं. सांगलीच्या निवृत्त मास्तरीण बाईंनी गोव्यात पहिल्याच दिवशी फेणीची बाटली हातात धरली. पण खरं सांगते, शेगडीला इतकी छान बाटली मला जन्मात मिळाली नव्हती. अंग गुळगुळीत, आणि वर निघते ती अगदी अलगद.

मी सांगलीहून एकदा भरण्यापुरताच भुसा आणला होता. वखारीतल्या सागाचा, कोरडा. आक्का जनेलापाशी कदेल ओढून बसली. आम्ही ज्याला खिडकी आणि खुर्ची म्हणतो ती तिथली जनेल आणि कदेल. भात झाला, अळसांद्यांची उसळ झाली, दूध तापलं, आंघोळीचं पाणी तापलं. ती एकदाही खोकली नाही. तासाभरानं उठून तिनं शेगडीवर हात धरला, आत वाकून पाहिलं.

"बरी आसा गो तुझी शेगडी," ती म्हणाली. "पण हिचं पोट रोज भरायचं कशानं?"

"भुसा काय, कुठेही मिळतो," मी म्हणाले.

मग तिनं मनातलं बोलून टाकलं. "सून चांगली आसा, सुमे. वास्कोक मला काय कमी पडायचं नाही. पण तिथं मी पाहुणी. जेव म्हटलं की जेवायचं, नीज म्हटलं की निजायचं. हंय मी चुलीजवळ बसते म्हणून ह्या घराक घर म्हणतात." तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, रविवार दहा दिवसांवर आहे, दहा दिवसांत मी डोंगर हलवीन.

म्हापसा

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हापशाचा बाजार. कोलवाळचा पूल ओलांडून बस स्टँडवर शिरली तेव्हाच माणसं दिसेनाशी झाली होती, नुसत्या पाट्या आणि टोपल्या दिसत होत्या. मला भुसा हवा होता, तरी मी तासभर भटकले. झाकण उघडताच नाकाला झोंबणाऱ्या लोणच्याच्या बरण्या, माळा करून टांगलेली सुकी मासळी, कोकमाची आमसुलं, आणि पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, टोपलीतली कोंड्याची पोई. पोई मी उभ्या उभ्या खाल्ली. आमच्याकडच्या पावाला चव नसते हे मला त्या दिवशी कळलं.

लाकूड कापायची गिरणी बाजाराच्या मागे होती. बाहेर भुशाचे ढीग. मालक म्हणाला, "व्हर, बाय, जाय तितलो व्हर." हवा तितका ने. दोन पोती गच्च भरली. मला वाटलं, झालं की काम. एवढ्याशा गोष्टीसाठी आक्का रडत होती.

शनिवारी सकाळी मोठ्या दिमाखात शेगडी भरली आणि पेटवली. धूर सरेना. पिवळट, डोळ्यांना झोंबणारा, आंबट वासाचा. मी म्हटलं, सरेल आता. आत नेली. तो धूर चुलीच्या धुराच्या दुप्पट. आक्काला ढास लागली ती थांबेना. तिला धरून अंगणात आणलं, पायरीवर बसवलं, पाठ चोळली. ती बोटांनी 'बरी आहे, बरी आहे' असं खुणावत होती आणि तिच्या ओठांचा रंग गेला होता. मी जन्मात एवढी घाबरले नव्हते. ज्या धुरापासून तिला वाचवायला आले, तो मीच घरात आणला.

भुसा हातात दाबून पाहिला, तर मूठ ओली झाली. गिरणीत कापतात ती नुकती तोडलेली झाडं. वखारीतला साग वर्षानुवर्षं सुकलेला असतो, हे मी विसरलेच होते. माझ्या गावात भुसा म्हणजे कोरडाच, म्हणून मला वाटलं, सगळीकडे तसाच.

तेवढ्यात बाबली आला. बाबली म्हणजे आक्काच्या दिराचा मुलगा. डिचोलीला खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे आणि शनिवारी आईबापांना भेटायला शेजारच्या घरी येतो. त्यानं भुसा चोळून पाहिला. कुळागरात ऊन नाही, देवळाच्या अंगणात गावाचं भात वाळत पडलेलं. "मावशे, तू काळजी करू नको," तो म्हणाला. "पोती माझ्याकडे दी. माझ्या दारात दिसभर ऊन आसता. दोन दिसांत खडखडीत सुकयतां." आणि त्यानं दोन्ही पोती बसच्या टपावर टाकून नेलीसुद्धा.

डिचोली

सोमवारी मी शेगडी घेऊन त्याच्या मागोमाग गेले. डिचोली जवळ येऊ लागली तसा रस्त्याचा रंग बदलला. झाडं लाल, कौलं लाल, दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं लाल. समोरून खनिजाचे ट्रक एकामागून एक, ताडपत्री फडफडत, आणि प्रत्येकाच्या मागे लाल ढग. बसमधल्या बायकांनी पदर नाकाला लावले, पण बोलणं थांबवलं नाही.

बाबलीची खोली अगदी रस्त्यावर. त्याची बायको शेवंती दारात उभी होती आणि तिच्यामागे चटईवर माझा भुसा पसरलेला. कोरडा, भुरभुरीत. आणि रंग असा छान तांबूस की मी खूश झाले. मी शेवंतीला समजावून सुद्धा सांगितलं, लाकूड सुकलं की रंग खुलतो, हा आता जळेल बघ सागासारखा. ती 'हय मावशे' म्हणाली.

शेगडी भरताना ती मला जरा जड वाटली. पेटवली तर बोळा जळला, कड थोडी लालसर झाली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. चौथ्यांदा मी चिडून भुसा पाण्याच्या तपेलीत टाकला. लाकडाची पूड वर तरंगली आणि तळाला बोटभर लाल गाळ बसला. दोन दिवस त्या चटईसमोरून शेकडो ट्रक गेले होते. आम्ही लोखंड पेटवत होतो.

बाबली संध्याकाळी आला. तपेलीत पाहिलं, कपाळाला हात लावला आणि खाली बसला. "माका दिसलांच ना, मावशे," तो म्हणाला. मला दिसलंच नाही. तो खोटं बोलत नव्हता. पहाटेपासून तोच लाल ढग तो चालवतो, तोच अंगावर घेऊन येतो, त्याची गंजी, त्याचं उशीचं कापड, त्याच्या भुवया, सगळं तसंच. जे सगळीकडेच आहे ते दिसणार कसं? शेवंती म्हणाली, "आमी पापड घरातच वाळवतो. ह्या माणसाक सात वर्सांत ते ठाऊक ना." ती हसली, आम्हीही हसलो. मग बाबलीला खोकला आला, आणि तो खोकला माझ्या ओळखीचा निघाला. आक्काला डॉक्टरांनी धुरापासून दूर राहायला सांगितलं. ह्याला काय सांगतील? ह्याची तर चूल रस्त्याएवढी लांब. त्या रात्री मला माझं दुःख जरा लहान वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

जेवायला तिनं वालीची भाजी आणि सोलकढी केली होती. ताट वाढेपर्यंत ते पालथं ठेवायचं, ही तिथली रीत. वाढताना शेवंती म्हणाली, "मावशे, माझो बापूस नार्व्याक मेस्त." म्हणजे सुतार. "त्याच्याकडलं लाकूड म्हातारं आसता. तुका कोरडो भुसो जाय तर थंय वच."

मी म्हणाले, "अगं, हे सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंच ना," ती म्हणाली. खरं होतं, मी विचारलंच नव्हतं. मी आल्यापासून सगळ्यांना सांगतच होते.

नार्वे

मंगळवारी सकाळची बस नार्व्याला नदीकाठानं जाते. लाल रंग हळूहळू मागे पडला आणि हिरवी शेतं आली, नदीला लागून, बांध घातलेली. सप्तकोटेश्वराचं दर्शन घेतलं. देऊळ लहानसं, शांत, उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं. देवाला मी काही मागत नाही एरवी, त्या दिवशी भुसा मागितला.

सोनू मेस्त घराच्या पडवीत दाराच्या फळीला रंधा मारत होते. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याच्या एका काडीऐवजी सुतळी. मी शेवंतीचं नाव सांगितलं, शेगडी पुढे ठेवली, सगळी कथा ऐकवली. लोखंड पेटवल्याचं ऐकून ते तोंडातल्या तोंडात हसले. मग त्यांनी कोपऱ्यातल्या ढिगातून मूठभर भुसा माझ्या हातावर ठेवला. पिवळाधमक, हळदीसारखा, आणि गोडसर वासाचा.

"हो पणस," ते म्हणाले. फणस. "सात वर्सां माळ्यार आसलो. ओल्या लाकडाचो भुसो म्हळ्यार तूं उदक जाळटा."

ओल्या लाकडाचा भुसा म्हणजे पाणी जाळणं. एवढी साधी गोष्ट समजायला मला तीन बस बदलाव्या लागल्या.

शेगडी त्यांनी स्वतःच भरायला घेतली, आणि इथे मी पुन्हा शहाणपणा केला. भरायच्या आधी त्यांनी शेजारच्या वाडग्यातली पेजेची निवळ, म्हणजे वरचं पातळ पाणी, ओंजळीनं भुशावर शिंपडली. मी म्हणाले, "अहो मेस्त, पाणी घालून कुठे जळतं का? आत्ताच तुम्ही काय म्हणालात?" त्यांनी वर पाहिलं. "तुजें खरें, बाय," म्हणाले, आणि तो भिजवलेला भुसा बाजूला सारून कोरडा भरून दिला. वाद घालायची त्यांना गरज नव्हती. त्यांची सून तेवढ्यात चहा घेऊन आली आणि मी विषय सोडून दिला.

शेगडी पेटली ती काय पेटली. धूर दोन मिनिटं, मग निळसर आच, आणि पडवीभर फणसाचा वास. चार तास सोडा, साडेचार तास झाले तरी ती धगधगत होती. मेस्तांनी तीन पोती भरून दिली. वर म्हणाले, "परत परत ये. भुसो माझ्या पायांत येता. नेलो तर उपकार." मी त्यांच्या पाया पडले. आयुष्यात इतक्या मनापासून मी फार थोड्यांच्या पाया पडले आहे.

पुन्हा कोरगाव

बुधवारी आक्का दारातच उभी होती. मी पोतं उघडलं. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "आपल्या आजीची फळी." आजीच्या घरी झोपाळा फणसाचा होता. इतक्या वर्षांनी तिला तो आठवला.

"मी भरतां," ती म्हणाली, आणि बाटली घेऊन बसली. तिनं पहिली मूठ टाकली, दुसरी टाकली, दाबली. सोनेरी धूळ उठली. उन्हाच्या एका कवडशात ती तिच्या तोंडाभोवती तरंगताना मला दिसली. आक्काला ढास लागली. बाटली हातातून सुटून आडवी झाली.

जळताना धूर नाही, हे मी बघत राहिले. भरताना धूळ उडते, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण माझी छाती धडधाकट. आणि बाबलीला मी मनातल्या मनात हसले होते.

आक्का शांत झाल्यावर भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "जाऊ दे, सुमे. तू खूप केलंस. ट्रंक तो आणतलोच. जातां मी वास्कोक." तिनं ते इतक्या सहज म्हटलं की मला तिथे बसवेना. मी मागच्या दारी जाऊन उभी राहिले. तिथे तिच्या पेजेच्या तपेलीतली निवळ केळीच्या बुंध्याशी ओतलेली होती. कालची निवळ वाळून तिथल्या पाचोळ्यावर पातळ पापुद्रा धरला होता. आणि मला मेस्तांची ओंजळ आठवली.

ते पाणी जळणासाठी नव्हतंच. धूळ बसावी म्हणून होतं. साठ वर्षं भुशात बसलेल्या माणसाला आपली छाती कशी राखायची ते ठाऊक होतं, आणि मी त्यालाच धडा शिकवत होते. ओला भुसा ठासायचा, बाटली काढायची, आणि डबा तसाच उन्हात ठेवायचा. निवळीनं भुसा घट्ट बसतो, धूळ उडत नाही, आणि दोन-तीन दिवसांत खडखडीत सुकतो. म्हणजे भरायचं आणि जाळायचं काम एका दिवशी करायचंच नाही. आठवड्याचे डबे एकदम भरून ठेवायचे.

मग मी धावले. पदेराकडून तुपाचे सहा रिकामे डबे आणले, लोहारानं त्यांना भोकं पाडून दिली. माझी शेगडी धरून सात. तोंडाला फडकं बांधून मीच सगळे ठासले. गुरुवारी देवळाच्या अंगणातलं भात उचललं होतं. पुजाऱ्यांना विचारून सात डबे दीपमाळेच्या चौथऱ्यावर ओळीनं मांडले. येणारा-जाणारा आधी देवाला हात जोडी आणि मग डब्यांत वाकून बघे. आक्का शनिवारपर्यंत रोज तिथे जाऊन त्यांची तोंडं उन्हाकडे फिरवत होती.

रविवार

वसंत सकाळच्या बसनं आला. हातात पत्र्याची मोठी रिकामी ट्रंक. दिसायला अगदी बापासारखा, बोलायला त्याहून कमी. पाया पडला, ट्रंक पडवीत ठेवली. आक्कानं सुकलेल्यांपैकी एक डबा दारात पेटवला आणि धूर सरल्यावर आत नेला. भात, माशाची आमटी, तिसऱ्यांचं सुकं. वसंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बघत होता. आई चुलीशी बसली आहे आणि खोकत नाही, हे त्यानं बऱ्याच दिवसांनी पाहिलं असावं.

मी भरभरून सांगत होते. म्हापसा, लाल भुसा, मेस्त, निवळ. तो ऐकून घेत होता. जेवण झाल्यावर हात धुऊन त्यानं एकच प्रश्न विचारला.

"मावशी, सगळं बरोबर. तू मंगळवारी चाललीस. हे डबे सात. पुढच्या रविवारी कोण ठासणार?"

निवळ शिंपडेपर्यंतची धूळसुद्धा आक्काला सोसणार नव्हती. शेजारचे दीर-जाऊ म्हातारे, आणि बाबलीला दर शनिवारी सुट्टी मिळेलच असं नाही. दहा दिवस मी सगळ्या तालुक्याला हलवलं आणि हा एक प्रश्न स्वतःला विचारला नाही. आक्का जमिनीकडे बघत होती.

वसंत म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी नव्हतो. तार मिळून पोचेपर्यंत सगळं आटपलेलं. आई, तू हंय एकटी खोकतेस हे मला तिथे बंदरात ऐकू येतं. म्हणून न्यायला आलो. तुला घरातून काढायचं म्हणून नाही."

आक्का म्हणाली, "ठाऊक आसा मला."

शेगडी मजेत जळत होती. मग वसंत उठला, शर्ट काढून खुंटीला लावला, तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि अंगणात जाऊन तिसऱ्या पोत्याचं तोंड सोडलं. मी निवळ दिली. त्यानं दांडका लावला, बाटली उभी केली आणि ठासायला सुरुवात केली. जोर होता, पण धीर नव्हता. बाटली उपटल्यासारखी काढली आणि सगळा डबा आत कोसळला. दुसऱ्यांदाही कोसळला.

आक्का पायरीवरून, लांबूनच म्हणाली, "फिरवत काढ, वसंता. लहानपणी दात काढायचास तसा. हलवत, हलवत."

तिसऱ्यांदा पोकळी सरळ राहिली. त्यानं आत डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. टॉवेल खाली ओढून म्हणाला, "रविवारी सुट्टी असतेच मला."

एवढंच. पुढे कुणी काही ठरवल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळच्या बसला तो निघाला तेव्हा ट्रंक न्यायला विसरला असं मला वाटलं, म्हणून मी हाक मारली. तो म्हणाला, "राहू दे. भुसा दमट होईल पोत्यात." मी झाकण उघडलं तर आत पिवळा भुसा काठोकाठ.

मी मंगळवारी परतले. येताना मांडी मोकळी होती, कारण शेगडी तिथेच ठेवली. कंडक्टर निराळा होता.

दोन महिन्यांनी आक्काचं पत्र आलं. मेस्तांकडून शेवंतीनं आणखी दोन पोती आणून दिली. पदेरानं आणखी सात डबे दिले, म्हणजे सात जळतात तोवर सात सुकतात. बाबलीनं ट्रकवर तोंडाला फडकं बांधायला सुरुवात केली, पण सगळे हसतात म्हणून डिचोली आली की सोडतो. खोकला आहे, पण रात्री झोप लागते. आणि शेवटी, पानाच्या कडेला आडवं लिहिलेलं:

"वसंत आता सहाच डबे ठासतो. मला वाटलं, कंटाळला. दोन रविवार गप्प राहिले, मग विचारलं. तर म्हणाला, मी शनिवारीच येतो ना आता, जेवणाचा डबा घेऊन, मग शेगडीचा सातवा कशाला."